सुनेबद्दल बोललेले शब्द परत घेताना

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारी आपल्या वाचकांच्या पत्रव्यवहारात एका सद्गृहस्थांचं पत्र होतं. नवऱ्याच्या अपघातानंतर माहेरी निघून गेलेल्या एका तरुण मुलीला त्यांनी धारेवर धरलं होतं. ‘सुखात वाटेकरी, दुःखात फरारी’ असं त्यांनी लिहिलं आहे. यमक जुळलं आहे, मजकूर चुकला आहे. हे मी अधिकारानं सांगते, कारण दोन वर्षांपूर्वी आमच्या गावच्या काल्याच्या उत्सवाला, देवळाच्या मंडपात पंधरा-वीस बायकांत बसून मी माझ्या स्वतःच्या सुनेबद्दल जवळजवळ हेच बोलले होते. यमक नव्हतं, एवढंच.

चारचौघांत बोललेलं चारचौघांतच परत घ्यावं लागतं. देवळात उभं राहून बोलायचं धाडस माझ्यात नाही, म्हणून हे पत्र. लांबणार आहे. छाटायची वेळ आलीच तर हेल्मेटचा भाग छाटा, ते सगळेच सांगतात. सुनेचा भाग छाटू नका.

मी निवृत्त प्राथमिक शिक्षिका. ३८ वर्षं मराठी शाळेत शिकवलं. गाव फोंडा तालुक्यात, सावईवेऱ्याच्या बाजूला, घरामागे छोटंसं कुळागर, म्हणजे सुपारीची बाग. मुलगा कुंडईच्या औद्योगिक वसाहतीत नोकरी करायचा आणि जत्रा-काल्यांच्या दिवसांत गावोगावच्या उत्सवी नाटकांना ऑर्गन वाजवायचा. २०२१ च्या नोव्हेंबरात तालमीवरून मित्राच्या दुचाकीवर मागे बसून येत होता. बोरीच्या उतारावर रात्री रस्त्यात गुरं बसलेली. काळी गुरं, काळं डांबर, वर मिणमिणता दिवा. हेल्मेट होतं, आरशाला अडकवलेलं. आरसा शाबूत राहिला. मागे बसणाऱ्यालाही हेल्मेट सक्तीचं आहे, हे मोटार वाहन कायद्याच्या १२९ व्या कलमात लिहिलेलं आहे. मी मुलांना आयुष्यभर नियम शिकवले, हा नियम मला मुलगा अतिदक्षता विभागात असताना कळला.

दुसऱ्या दिवशी पेपरात चार ओळी आल्या. ‘एक गंभीर, एक किरकोळ जखमी.’ गंभीर तो माझा मुलगा. त्यानंतर त्याच्याबद्दल कधी काही छापून आलं नाही. गेला असता तर आलं असतं.

१०८ रुग्णवाहिका वेळेवर आली. इस्पितळात त्याच रात्री शस्त्रक्रिया झाली. मेंदूला सूज येऊन आत जागा पुरत नव्हती, म्हणून कवटीचा एक तुकडा काढून ठेवला. माझी भाची परिचारिका आहे, ती म्हणाली, “मावशे, आणला तेव्हा त्याचा स्कोअर सात होता.” डोळे उघडतो का, बोलतो का, हातपाय हलवतो का, यावर हे गुण देतात. ग्लासगो शहरातल्या डॉक्टरांनी १९७४ मध्ये ही पद्धत काढली. पैकीच्या पैकी म्हणजे १५. मी मास्तरीण. म्हटलं, पंधरापैकी सात म्हणजे नापास, पण अभ्यास केला तर पुढच्या खेपेला निघेल. या परीक्षेत मेलेल्यालाही तीन मिळतात हे तिनं मला पुढे कधीतरी सांगितलं.

४१ दिवसांनी घरी सोडलं. ज्यांनी त्याला वाचवलं त्यांचे उपकार मी विसरणार नाही. पण सोडताना हातात दिलेल्या कागदावर काय होतं? जखम कोरडी ठेवा. गोळ्या या वेळेला. अमुक तारखेला दाखवायला आणा. कपाळाच्या मागचा मेंदू दोन्ही बाजूंनी दुखावला आहे, तेव्हा हा माणूस वेगळा वागेल, आणि तो वेगळं वागणं म्हणजे दुखापतच असेल, अशी एक ओळ त्यावर नव्हती. असती तर मी काल्याला जे बोलले ते बोलले नसते, असं मला मानायला आवडतं. कदाचित तरीही बोलले असते.

तेव्हा मी गावात आणि तो, सून, नातू फोंड्याला खडपाबांधच्या फ्लॅटमध्ये. दर रविवारी मी सकाळच्या बसनं जायची आणि पाचच्या बसनं परत यायची. त्या सहा तासांत मला काय दिसायचं? मुलगा आंघोळ करून इस्त्रीच्या शर्टात बसलेला. “आई, बरी आहेस?” विचारायचा. जेवायचा, झोपायचा. आणि सून केस न विंचरलेली, तोंड आंबलेलं, दर दोन मिनिटांनी त्याला “हे कर, ते उचल” सांगत फिरणारी. चार-पाच महिन्यांनी कवटीचा तुकडा परत बसवला, केस वाढले, व्रण झाकला गेला. शेजारीण म्हणाली, “तुजो पूत बरो दिसता गो आतां.” मलाही बराच दिसत होता. बिघडलेली दिसत होती ती सून.

आज तो माझ्याजवळ राहतो, म्हणून त्या इस्त्रीच्या शर्टाची किंमत मला कळली. आंघोळीला दीड तास लागतो. “ऊठ.” उठतो. मोरीत जाऊन उभा राहतो. “नळ सोड.” सोडतो. पाणी वाहून जात असतं, हा बघत असतो. “तांब्या घे.” घेतो. हातपाय धड आहेत, साबण कुठे आहे ते ठाऊक आहे, पण ‘चला, आता अंगावर पाणी घेऊया’ हे आतून येतच नाही. आपल्याकडे याला एकच शब्द आहे, आळस. मीही तोच वापरला. पाहुण्यांसमोर मात्र तासाभराच्या ठरलेल्या गप्पा तो निभावतो, आणि त्याचा हिशेब नंतर चुकता होतो. मेंदू थकला की डोकं धरतो, ओरडतो, दारं आपटतो. माझी पाचची बस सुटली की मागे त्या घरात काय सुटायचं, ते मला दोन वर्षं माहीत नव्हतं.

मग फोन यायला लागले. दुपारी अडीचला. “आई, ही मला जेवायला देत नाही.” मागून सुनेचा आवाज, “मांय, आत्ताच जेवला, ताट अजून मोरीत आहे.” मी कोणाचं खरं धरणार? पोटच्या पोराचं. आणि तो खोटं बोलतही नव्हता. जेवलेलं त्याच्या लक्षात राहिलं नव्हतं, आणि आठवणीत पडलेलं भोक मेंदू आपल्या मनानं बुजवतो. बुजवलेलं सगळ्यांत खरं वाटतं ते सांगणाऱ्यालाच. ‘गाळलेल्या जागा भरा’ हा प्रश्न मी फळ्यावर हजार वेळा लिहिला असेल. मुलगा रोज तो सोडवत होता आणि मी त्याचं प्रत्येक चुकीचं उत्तर बरोबर धरत होते. त्यानं हे मामाला सांगितलं, चुलत्याला सांगितलं. आमच्या नात्यातल्या एकांनी तर सुनेला फोन करून दम भरला.

त्यात पैसे. त्यानं हप्त्यांवर तीन मोबाइल आणले, एकाच महिन्यात. एका ओळखीच्याला मोबाइलवरूनच ४० हजार पाठवून मोकळा झाला, कशासाठी ते त्यालाही सांगता येईना. सुनेनं कार्ड आणि फोन कपाटात कुलपात ठेवले. आता याची गोष्ट तो कशी सांगणार? “बायकोनं माझे सगळे पैसे काढून घेतले.” तेही मी खरं धरलं.

२०२३ च्या डिसेंबरात ती नातवाला घेऊन म्हापशाला माहेरी गेली. मला फोनवर एवढंच म्हणाली, “मांय, मला आता जमत नाही. तुम्ही त्याला घेऊन जा.” कारण सांगितलं नाही. नातवाच्या कानाच्या वर दोन टाके होते. विचारलं तर म्हणाली, पडला. त्यानंतर थोड्याच दिवसांनी आमचा काला. बायका विचारणारच. मी बोलले. काय बोलले ते पुन्हा लिहीत नाही.

पुढच्या फेब्रुवारीत एका संध्याकाळी वीज गेली. टीव्ही बंद पडला. मी म्हटलं, “येईल रे पाच मिनिटांत.” स्टीलचा पेला माझ्या कानाजवळून गेला आणि भिंतीला पोचा पाडून खाली पडला. नेम धरून मारला नव्हता त्यानं, हातात होता तो सुटला. राग आला आणि हात थांबवणारं जे काही असतं ते जागेवर नव्हतं. पाच मिनिटांनी वीज आली, हा पुन्हा टीव्ही बघत बसला. मी मात्र भिंतीच्या त्या पोच्याकडे बघत होते आणि मला दोन टाके दिसत होते. रात्री सुनेला फोन लावला. “बाळ पडला नव्हता ना गो?” ती बराच वेळ गप्प. मग म्हणाली, “मांय, तुम्हाला लागलं नाही ना?”

तिनं आपल्या आईलासुद्धा सांगितलं नव्हतं. नवऱ्यानं मुलाला मारलं असं कोणी म्हणू नये म्हणून. गावभर तिची अब्रू मी काढत होते आणि ती माझ्या मुलाची सांभाळत होती.

त्या गृहस्थांना वाटत असेल की अपघातानं दुःख आलं, दुःखात बायको पळाली. दुःख असतं तर ती पळाली नसती. दुःखात माणसं जवळ येतात. माझे यजमान गेले तेव्हा हाच मुलगा बारा रात्री माझ्या अंथरुणाशेजारी जमिनीवर झोपला होता, मी नुसती कूस बदलली तरी “आई, पाणी हवं?” विचारायचा. गेल्या एप्रिलमध्ये मी तापानं फणफणले. तो दारात आला, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाला, “चहा कधी?” थोड्या वेळानं परत तेच. दुष्टपणा नाही हो त्यात. समोरच्याला काय होत असेल हे ज्या खिडकीतून दिसतं ती खिडकीच बंद झाली आहे. सून मला फार पूर्वी म्हणाली होती, “मांय, तो मला ओळखतो, पण विचारत नाही.” तेव्हा मी तिलाच समजावलं होतं, पुरुष कधी विचारतात का म्हणून.

नवरा-बायकोच्या खोलीतल्या गोष्टी सासूनं पेपरात लिहायच्या नसतात. इतकंच लिहिते, की जी बाई दिवसभर एका माणसाला दात घासायची आठवण करून देते, तिला रात्री त्याच माणसाची बायको होता येत नाही. हे तिनं सांगायचं कोणाला? आईला? मला? डॉक्टरांना विचारावं म्हणतात. कुठे, व्हरांड्यात, मागे वीस माणसं रांगेत उभी असताना?

आणि रडायचीही सोय नाही. यजमान गेले तेव्हा तेरा दिवस घर माणसांनी भरलेलं होतं, कोणी शीत, म्हणजे भात, आणलं, कोणी नुसतं बसून राहिलं. मुलाचं जे गेलं त्याला ना सुतक, ना तेरावा. माणूस समोर बसून हुमण-शीत जेवतो आहे, रडणार कोणासाठी? सून रडली की बायका म्हणायच्या, “अगो, कुंकू शाबूत आहे ना, देवाचे उपकार मान.” त्या बायकांत मी होते.

हुमणावरून आठवलं. तेफळं घालून बांगड्याचं हुमण शिजत असलं की पूर्वी हा फाटकातूनच ओरडायचा. आता ताटात वाढलं तरी त्याला पत्ता नाही. डोकं आपटतं तेव्हा नाकातून मेंदूकडे जाणारे बारीक तंतू तुटतात आणि वास जातो, पुष्कळांचा परत येत नाही. तिखट-मीठ कळतं, बाकी सगळं सारखं. सून म्हणायची, केलेल्याचं कौतुक नाही, तेव्हा मला वाटायचं हिला कौतुक हवं. ज्यांच्या घरात असा माणूस आहे त्यांनी एक करा. गॅस वापरून झाला की रेग्युलेटरच बंद करत जा. दूध उतू जाऊन शेगडी विझली तरी याला वास येणार नाही.

भाचीनं मला एक गोष्ट सांगितली. अमेरिकेत १८४८ मध्ये फिनिआस गेज नावाचा रेल्वेच्या कामावरचा मुकादम होता, वय अवघं २५. सुरुंग ठासताना साडेतीन फुटांची लोखंडी पहार त्याच्या गालातून शिरून डोक्यातून वर निघून गेली. माणूस जगला, चालला, बोलला. पण पूर्वीचा शांत, विश्वासू मुकादम आता शिवराळ आणि लहरी झाला. त्याच कंपनीनं त्याला पुन्हा कामावर घेतलं नाही, आणि मित्र म्हणू लागले की हा आपला गेज नव्हेच. म्हणजे दीडशेहून अधिक वर्षांपूर्वी तिकडच्या डॉक्टरांनी जे लिहून ठेवलं, ते आमच्या तालुक्यात अजून कोणी कोणाला सांगत नाही. इथपर्यंतची गोष्ट सगळे सांगतात म्हणे. मला आवडला तो पुढचा भाग. हा गेज नंतर चिलीला गेला आणि तिथे काही वर्षं त्यानं घोडागाडी हाकली. रोज तीच वाट, तेच काम, तीच वेळ.

हे ऐकलं आणि माझ्यातली मास्तरीण जागी झाली. शाळेत पहिलीच्या वर्गात लावायचे तसं वेळापत्रक मी भिंतीवर लावलं, मोठ्या अक्षरात. ६ वाजता ऊठ. ६.१५ चहा. ६.३० दात, मग शेजारी चौकट, काम झालं की बरोबरची खूण. मी बोलले की त्याला राग येतो, कागद बोलला की येत नाही. कागदावर रागवायचं कसं? सकाळी दोन तास कुळागरात पडलेल्या सुपाऱ्या वेचतो. रोज तीच ओळ, तीच टोपली. आंघोळ दीड तासावरून पाऊण तासावर आली. मी त्याच्याशी वाद घालणं सोडलं. “तुला काही झालंय” म्हटलं की तो शपथेवर सांगतो, “मला काही झालेलं नाही.” त्याला खरंच तसं वाटतं. स्वतःतला बदल ओळखणारा भागच दुखावला असेल तर माणूस मान्य कसं करणार? त्यावर भांडून सुनेनं आपल्या किती संध्याकाळी वाया घालवल्या असतील.

आणखी एक गोष्ट डॉक्टरांना नीट विचारल्याशिवाय कळली नाही. त्याला फिट येऊ नये म्हणून लेव्हेटिरासिटॅम नावाची गोळी चालू होती. गोळी चांगली आहे, पण काही जणांची चिडचिड तिनं वाढते. सुनेनं म्हणे एकदा व्हरांड्यात विचारलं होतं, तेव्हा “घरातलं वातावरण शांत ठेवा” असं उत्तर मिळालं. मी गेले तेव्हा आठवडाभराची वही घेऊन गेले. किती वाजता चिडला, त्याआधी काय घडलं, गोळी कधी घेतली. वही बघून दुसऱ्या डॉक्टरांनी गोळी हळूहळू बदलली. दीड महिन्यात पेले फेकणं थांबलं. राग आहे, पण आता आधी ढग येतात, मग पाऊस. कोणी हे वाचून स्वतःच्या मनानं गोळी थांबवू नये, एकदम थांबवली तर फिट येते.

मित्रांबद्दल थोडं लिहायला हवं, कारण बायकोनं सोडलं हे सगळ्यांना दिसतं, मित्रांनी सोडलं ते कोणी मोजत नाही. इस्पितळात नाटकमंडळी रोज दहा-बारा असायची. पहिल्या चवथीला, गणपतीत, चार आले. दुसऱ्या चवथीला एक. त्यानं एकदा पेटीवर बसायचा हट्ट धरला तेव्हा बोटं अजून चालतात हे बघून मला रडू आलं. बोटांना सगळं आठवतं. पण नांदी संपली तरी हा थांबेना, नटानं वाक्य सुरू केलं तरी वाजवतोच आहे. पुढच्या वर्षी त्याला बोलावलं नाही. त्यांचं तरी काय चुकलं? नाटक पडलं असतं. पण तालमीला नुसतं बाकावर बसायला बोलावता आलं असतं. दुचाकी चालवणारा मित्र तर एकदाही आला नाही. त्याचं फक्त खांद्याचं हाड मोडलं होतं. बाजारात मला बघून तो पलीकडच्या बाजूला जातो. मला त्याचा राग नाही, हे त्यानं इथे वाचलं तर बरं. दोघांनी एका एप्रिलमध्ये याला हुर्राक, म्हणजे काजूची दारू, पाजली, प्रेमानंच, ‘जुना दिसतो का बघूया’ म्हणून. रात्री फिट आली. आता एक न्हावी मित्र तेवढा येतो, दुकान बंद असतं त्या दिवशी. याची दाढी करतो आणि काही न बोलता शेजारी बसतो. त्याला हे कोणी शिकवलं देव जाणे.

आता फ्लॅट. त्यावर कर्ज आहे. विकून मोकळं व्हावं असा विचार झाला. आमच्या गोव्यात पोर्तुगीज काळापासूनच्या कायद्यानं, लग्नाआधी वेगळा करार केलेला नसेल तर नवरा-बायकोची मालमत्ता एकत्र धरली जाते, अर्धी-अर्धी, आणि स्थावर विकायचं तर दोघांच्या सह्या लागतात. या कायद्याचा मला अभिमान आहे, बायकांना तो तारतो. पण इथे गाडी अडली. वकिलांनी विचारलं, कशावर सही करतो ते त्याला कळतं का? माझा मुलगा कशावरही सही करतो. दूधवाल्याच्या वहीवर केली आहे. कळत नाही म्हणावं तर कोर्टातून पालक नेमून घ्या. कळतं म्हणावं तर ती फसवणूक. अपंगत्वाचा दाखला काढायला गेले तर तिथेही तेच. २०१६ च्या कायद्यात २१ प्रकारचं अपंगत्व आहे, त्यात डोक्याला मार लागून बदललेल्या माणसाचं वेगळं नाव नाही. दुसऱ्या कुठल्यातरी रकान्यात कोंबावं लागतं. हात आहेत, पाय आहेत, बोलतो, “काय होतंय तुला?” विचारलं तर हसून म्हणतो, “काही नाही.”

तोवर फ्लॅटचे हप्ते कोण भरतं? फरारी सून. म्हापशाला औषधाच्या दुकानात दिवसभर उभी राहून. आणि दर महिन्याला नवऱ्याच्या गोळ्याही तीच पाठवते. प्रत्येक पुडीवर तिच्या अक्षरात ‘सकाळ’, ‘रात्र’, आणि एका बाजूला बारीक ‘मांयच्या बीपीची’. दुसऱ्या शनिवारी नातवाला घेऊन येते, संध्याकाळच्या बसनं जाते. म्हणजे पूर्वी जे सहा तास माझे होते ते आता तिचे आहेत. बापलेक कुळागरात सुपाऱ्या वेचतात, नातू आता आठ वर्षांचा आहे, तो टोपल्या मोजतो. ती राहायला परत येईल का, असं लोक मला विचारतात. मी तिला विचारलेलं नाही. विचारणार नाही.

आपल्याकडे दोन मागण्या आहेत. ज्या इस्पितळांत डोक्याची शस्त्रक्रिया होते तिथून घरी सोडताना घरच्यांना बसवून वीस मिनिटं तरी सांगावं, आणि नुसतं बायकोला नाही, सासू-सासरे, दीर-नणंद, सगळ्यांना. मराठीत, कोकणीत, ज्यात कळेल त्यात. त्याबद्दल आपण लिहावं. दुसरं, वर्षभरापूर्वीच्या ‘गंभीर जखमी’ लोकांपैकी एखाद्याच्या घरी आपला बातमीदार पाठवावा. रविवारी सकाळी नको, तेव्हा आंघोळ झालेली असते. सोमवारी दुपारी पाठवा.

फोंडा तालुक्यात अशी आणखी घरं असतील. त्यांना यायचं असेल तर माझ्या घराचा सोपा ऐसपैस आहे आणि चहा मी करते. पत्ता आपल्या कचेरीत देऊन ठेवला आहे.

माझं नाव मात्र छापू नये. म्हापशाला सुनेच्या माहेरी आपलाच पेपर येतो, तिला कळेल. काल्याला मंडपात बसलेल्यांपैकी निम्म्या घरांतही तोच येतो.

आपली,
एक निवृत्त प्राथमिक शिक्षिका
फोंडा तालुका, गोवा